घर विकून झाले, तरी कागदांसाठी फोन येतच राहतात

अॅग्रीमेंट रजिस्टर झाले, उरलेले पैसे खात्यात आले, चाव्या दिल्या. विकणाऱ्याच्या दृष्टीने व्यवहार संपला. मग दोन महिन्यांनी खरेदीदाराचा फोन येतो, ‘काका, बँक तुमच्या जुन्या लोनचे क्लोजर लेटर मागते आहे.’ सहा महिन्यांनी सोसायटीचा येतो, वर्षाने वीज कार्यालयाचा, आणि पाच-सात वर्षांनी इमारत पुनर्विकासाला गेली की एखाद्या वकिलाचाही येतो. महाराष्ट्रात फ्लॅट विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येते. त्यात बहुतेकांची दोनपैकी एक चूक होते. कोणी प्रत्येक मागणीला वैतागून नकार देतो, तर कोणी भिडेपोटी समोर येईल त्या कागदावर सही करतो. दोन्ही महाग पडते.

फोन आला की आधी एकच प्रश्न विचारायचा: या कामाला माझी सही लागतेच का, की हा कागद खरेदीदाराला स्वतःच मिळू शकतो? तुमच्या सहीशिवाय खरोखर अडणारी कामे मोजकी आहेत. सोसायटीतले हस्तांतर, टीडीएसच्या (किमतीतून आधीच कापलेल्या कराच्या) फॉर्ममधली काही प्रकारची दुरुस्ती, चूक दुरुस्ती लेख, वीज-गॅसच्या ठेवीची संमती आणि तुमच्या जुन्या बँकेकडचे कागद, ही त्यातली मुख्य. ती लवकर करून द्यावीत, कारण त्यातली बरीचशी तुमच्याच फायद्याची असतात. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाचा गोषवारा), कराराची प्रमाणित नक्कल, कराची पावती हे खरेदीदाराला कोणाच्याही मदतीशिवाय मिळते. इंडेक्स टू आणि दस्ताचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये लागतो. दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय एवढे सांगितले की तुमचे काम झाले.

सगळ्यात जास्त घोळ टीडीएसमध्ये

घराची किंमत ₹५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून सरकारजमा करायचा असतो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९४-आयए, आणि त्याचा फॉर्म २६क्यूबी. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या व्यवहाराबद्दल बोलताना मात्र लोक, बँका आणि सीए ‘छब्बीस क्यूबी’च म्हणतात, म्हणून इथे तोच शब्द वापरतो.

ज्या महिन्यात कपात झाली त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत हा फॉर्म भरायचा. उशीर झाला तर दिवसाला ₹२०० शुल्क. कापून न भरलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्का व्याज. ही जबाबदारी खरेदीदाराची, पण झळ तुम्हालाही बसते. तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, ती रक्कम दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर रिटर्नमध्ये तिचे क्रेडिट मिळत नाही.

फॉर्म विकणारा-खरेदीदार अशा प्रत्येक जोडीचा वेगळा भरावा लागतो, आणि नेमके हेच चुकते. समजा ₹८० लाखांचा फ्लॅट आहे, विकणारे नवरा-बायको समान हिश्श्याने आणि घेणारेही नवरा-बायको समान हिश्श्याने. मग चार फॉर्म, प्रत्येकी ₹२० लाखांवर ₹२०,००० टीडीएस. प्रत्येकाचा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे म्हणून कपातच नको, असे पूर्वी काही जण म्हणत. ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच स्पष्ट झाले आहे की मर्यादा एकूण किमतीवर मोजायची. तसेच किंमत कराराची धरायची की मुद्रांकाच्या बाजारमूल्याची, तर दोन्हींतली जास्त असेल ती.

प्रत्यक्षात खरेदीदार घाईघाईने एकच फॉर्म भरतो, पूर्ण ₹८०,००० नवऱ्याच्या पॅनवर. बायकोच्या २६एएसमध्ये शून्य. रिटर्न भरायच्या वेळी हे लक्षात येते आणि मग पळापळ. दुरुस्ती ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवर होते. पॅन किंवा रकमेसारखी महत्त्वाची माहिती बदलायची असेल तर विकणाऱ्याची मंजुरी लागू शकते. म्हणजे तुमचेही ट्रेसेसवर करदाता म्हणून खाते हवे. अशी विनंती आली तर ती टाळू नका, फायदा तुमचाच आहे. मंजुरी देण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांखालून घाला: तुमचा पॅन, तुमच्या हिश्श्याची रक्कम, आणि पैसे मिळाल्याची तारीख तुमच्या बँक पासबुकाशी जुळते का. टप्प्याटप्प्याने पैसे आले असतील तर प्रत्येक हप्त्याचा टीडीएस वेगळा असतो, आणि तारखांचा गोंधळ इथेच होतो.

दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. तुमचा पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल, तर १ ऐवजी २० टक्के दराने कपात हवी होती असे म्हणून खात्याची नोटीस खरेदीदाराला जाते. ₹८० लाखांवर ती मागणी लाखांत जाते आणि बिचाऱ्याला काही कळत नाही. असा फोन आला तर वाद घालत बसण्यापेक्षा आधी पॅन-आधारची स्थिती तपासा, जोडणी करा आणि ती झाल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह खरेदीदाराच्या सीएला पाठवा. विक्री ठरली त्याच दिवशी हे तपासले तर पुढचे सगळेच टळते.

खरेदीदाराकडून तुम्ही मागायचा कागद म्हणजे फॉर्म १६बी, टीडीएस भरल्याचे प्रमाणपत्र. तो त्यालाच ट्रेसेसवरून डाउनलोड करता येतो. आमचे ठाम मत असे की शेवटचा चेक, चाव्या आणि २६क्यूबीचे चलान यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत व्हावी. चाव्या दिल्यावर मागितलेला १६बी मिळायला महिने जातात.

सोसायटी आणि शेअर सर्टिफिकेट

सोसायटीच्या रजिस्टरवर तुमचे नाव असेपर्यंत तिच्या लेखी सभासद तुम्हीच. मेंटेनन्स थकला तर नोटीस तुमच्या नावाने निघते, प्रकरण पुढे गेले तर वसुली दाखलाही. त्यामुळे हस्तांतराचे काम खरेदीदारापेक्षा विकणाऱ्याला जास्त हवे असायला पाहिजे. गंमत अशी की पैसे मिळाल्यावर तोच सगळ्यात आधी अंग काढून घेतो.

आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस परिशिष्ट २० (१) मध्ये आणि घेणाऱ्याची संमती २० (२) मध्ये द्यायची असते. दस्त नोंदल्यावर हस्तांतराचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, नोंदलेल्या कराराची प्रत आणि ₹५०० हस्तांतर शुल्क. हस्तांतराचा प्रीमियम सर्वसाधारण सभा ठरवते, पण त्याला शासनाची मर्यादा आहे: महापालिका क्षेत्रात ₹२५,०००, लहान नगरपालिकांमध्ये त्याहून कमी, ग्रामपंचायत हद्दीत ₹५,०००. त्यापलीकडे ‘डोनेशन’, ‘रंगकामाचा फंड’, ‘लिफ्टसाठी थोडे’ असे काही मागितले तर लेखी मागणीपत्र आणि पावती मागा. तेवढ्यानेच बहुतेक मागण्या विरतात. हा खर्च कोणी करायचा हे करारात एका ओळीत लिहिलेले असावे. ती ओळ नसली की सहा महिन्यांनी याच ₹२५,००० वरून कटुता येते.

सोसायटी ‘आमची एनओसी घेतल्याशिवाय विकलेच कसे’ म्हणाली तर उपविधीच दाखवा. शेअर आणि हितसंबंध हस्तांतरित करायला एनओसी आवश्यक नाही असे त्यातच लिहिले आहे. खरेदीदाराच्या बँकेला हवी असेल तर ती अर्ज करून घेता येते, ही वेगळी बाब. आणि सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत सोसायटीने काहीच कळवले नाही, तर सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेणे सगळ्यात महत्त्वाचे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

काम झाल्याचा पुरावा शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला असतो. तिथे एक तक्ता छापलेला असतो: हस्तांतर क्रमांक, कमिटीच्या सभेची तारीख, जुन्या सभासदाचा नोंदवही क्रमांक, नव्याचे नाव आणि क्रमांक, मग चेअरमन, सेक्रेटरी आणि एका कमिटी सदस्याची सही. त्या मागच्या पानाचा फोटो खरेदीदाराकडून मागून घ्या. सर्टिफिकेट आता त्याचे, फोटो तुमच्या फाइलला. सोसायटीच्या शिक्क्याखाली सेक्रेटरीची सही राहून गेलेली असणे ही अगदी नेहमीची चूक. मग पुढच्या विक्रीच्या वेळी कोणीतरी तुम्हाला शोधत येतो.

मूळ करार हरवला, नाव जुळत नाही

बँकेला ‘चेन’ लागते, म्हणजे बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे मूळ करार. मधला एखादा मूळ कागद नाही हे कर्जाचे पैसे दिल्यावर खरेदीदाराच्या बँकेच्या लक्षात आले, की फोन तुम्हालाच येतो. तुमच्या ताब्यात असताना तो हरवला असेल तर मदत करणे तुमचे कर्तव्य आहे. त्याआधीच्या मालकाकडून तो तुम्हालाच मिळाला नव्हता, तर तसे लेखी सांगा.

क्रम असा ठेवावा. आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल. मग पोलिसांकडे गहाळ झाल्याची तक्रार, तिच्यात दस्त क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एक मराठी आणि एक इंग्रजी, १४ किंवा १५ दिवसांची मुदत देऊन. मुदत संपल्यावर हरकत आली नाही असे वकिलाचे पत्र. शेवटी प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र. नोटिशीत सर्व्हे नंबर किंवा फ्लॅट नंबर चुकला तर बँक ती धरत नाही आणि जाहिरातीचा खर्च पुन्हा होतो. छापायला देण्याआधी मजकूर इंडेक्स टूशी शब्दशः ताडून पाहा.

हमीपत्राशी थोडे थांबा. बँकेच्या वकिलाने पाठवलेल्या मसुद्यात बहुधा असे असते की या मिळकतीवर कधीही, कोणीही, कसलाही दावा केला तर सर्व नुकसान विकणारा आणि त्याचे वारस भरून देतील. अशावर सही करू नका. तीन मर्यादा घालून मागा: हमी फक्त त्या हरवलेल्या दस्तापुरती, विक्रीच्या तारखेच्या आधी उद्भवलेल्या दाव्यांपुरती, आणि रक्कम जास्तीत जास्त विक्रीच्या किमतीएवढी. असा बदललेला मसुदा समंजस बँका बहुधा मान्य करतात, फक्त मागावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या ₹१०० च्या मुद्रांकाच्या जागी ₹५०० लागतात. आणि न वापरलेला मुद्रांक सहा महिन्यांनी बाद होतो. जुना स्टॅम्प पेपर कपाटात आहे म्हणून त्यावर लिहून देऊ नका, आणि कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही तर कोणीही मागितली तरी नाही.

‘करारावर मधले नाव आहे, पॅनवर नाही’ किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त, यासाठी ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र पुरते. ते करून द्यायला हरकत नाही. मात्र फ्लॅट क्रमांक, विंग, क्षेत्रफळ, सिटी सर्व्हे नंबर असे दस्तातच चुकले असेल तर प्रतिज्ञापत्राने भागत नाही. चूक दुरुस्ती लेख नोंदवावा लागतो आणि त्यावर मूळ दस्तातल्या सर्व पक्षांच्या सह्या हव्यात. निव्वळ टंकलेखनाची चूक असेल तर मुद्रांक किरकोळ लागतो. क्षेत्रफळ किंवा किंमत वाढत असेल तर फरकावर शुल्क. ‘दुरुस्ती’ म्हणून आलेल्या मसुद्यात किंमत किंवा पार्किंग गुपचूप बदललेले नाही ना, हे ओळीगणिक पाहा. एखादा विकणारा दरम्यान वारला असेल तर त्याच्या वारसांना सह्या कराव्या लागतात. म्हणून अशी चूक कळली की ती पुढे ढकलण्यात कोणाचाच फायदा नाही.

विकणारा अमेरिकेत किंवा दुबईत असेल तर मुखत्यारपत्र. ते मोघम नको. ‘अमुक दस्त क्रमांकाच्या चूक दुरुस्ती लेखावर सही करून नोंदणीस हजर राहणे’ एवढ्याच कामाचे, पैसे स्वीकारण्याचा अधिकार नसलेले, तीन-सहा महिन्यांत संपणारे. भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले पाहिजे. कुरिअरने आलेले पाकीट तसेच पडून राहिले तर सगळे पुन्हा करावे लागते. पाकिटावरची पोहोचल्याची तारीख फाडून टाकू नका.

तुमचे जुने कर्ज

फेडलेल्या कर्जाच्या खुणा बऱ्याच ठिकाणी राहतात. बँकेचे ‘नो ड्यूज’ पत्र असते, पण सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत बोजा तसाच दिसतो आणि नोंदणी विभागाच्या शोधात नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण ठेवल्याची सूचनाही येते. खरेदीदाराची बँक शोध अहवालात हेच पाहते आणि तुम्हाला फोन येतो. कर्ज तुमचे होते, त्यामुळे हे काम दुसरा कोणी करू शकत नाही. जुन्या बँकेला एकाच पत्रात तीन गोष्टी मागा: कर्जफेडीचे पत्र, मूळ कागद यादीसह परत दिल्याची पोच, आणि सरसाईतला बोजा उतरवल्याचा पुरावा. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद देणे आणि बोजा उतरवणे हे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, १ डिसेंबर २०२३ पासून. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ₹५,००० भरपाई आहे. पत्रात हे वाक्य असले की शाखा हलते.

कर, वीज, गॅस

मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलणे हे खरेदीदाराचे काम असे सगळे समजतात. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ चे कलम १४९ मात्र हस्तांतराची नोटीस देणे विकणारा आणि घेणारा दोघांवर टाकते, मुदत तीन महिने. नोटीस दिली नाही तर कराचे दायित्व जुन्या मालकावर चालू राहू शकते. इतर महापालिकांच्या नियमांतही अशीच तरतूद आहे. इंडेक्स टूची प्रत जोडून एक साधे पत्र वॉर्डाच्या कर आकारणी विभागात द्या, पोच घ्या, विषय संपला. बंगला किंवा प्लॉट विकला असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेच्या फेरफारासाठी तुम्हालाही नोटीस येते, हरकतीची मुदत १५ दिवसांची असते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, हरकत नसेल तर काहीही करायचे नाही.

विजेच्या नावबदलात अडते ते सुरक्षा ठेवीवर. ठेव नव्या ग्राहकाच्या नावे वर्ग करायला तुमची संमती हवी. ठेवीची रक्कम बिलावरच छापलेली असते, ती खरेदीदाराकडून हिशेबात घेतली असेल तर संमती लगेच द्या. ताबा दिला त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, मीटर क्रमांक आणि युनिटचा आकडा दोन्ही वाचता येतील असा. पाइप गॅसचेही तसेच, तिथे ठेवीची मूळ पावती मागतात.

आधार-पॅनच्या झेरॉक्स

प्रत्येक कामाला ‘आधार-पॅन व्हॉट्सअॅप करा’ हे ठरलेले. मास्क केलेले आधार पाठवा, ज्यात शेवटचे चार अंकच दिसतात. झेरॉक्सवर आडवे लिहा: ‘फक्त फ्लॅट क्र. अमुकच्या सोसायटी हस्तांतरासाठी’, तारीख, सही. अक्षरे छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेले कापता येते. अनोळखी एजंटचा फोन आला तर दस्त क्रमांक त्यालाच विचारा आणि खरेदीदाराशी स्वतः बोलल्याशिवाय काही पाठवू नका.

विक्रीनंतर तुमच्याकडे राहायची फाइल एका पारदर्शक फोल्डरमध्ये मावते: विक्री करार आणि तुमचा मूळ खरेदी करार यांच्या संपूर्ण स्कॅन प्रती, दोन्हींचे इंडेक्स टू, ताबा पावती, १६बी, कर्जफेडीची पत्रे, सोसायटीच्या पोचा, मीटरचा फोटो आणि घरात केलेल्या मोठ्या कामांची बिले. बिले यासाठी की मोठ्या व्यवहाराची माहिती नोंदणी कार्यालयाकडून आयकर खात्याकडे जाते, आणि भांडवली नफ्याबद्दल विचारणा काही वर्षांनीही येऊ शकते. आठ वर्षे तरी काही फेकू नका.

आणि पुढचा फोन आला की हे उत्तर द्या: ‘नमस्कार. कृपया मागणी ईमेलवर पाठवा. त्यात दस्त क्रमांक, कोणत्या कार्यालयाला कागद हवा आहे आणि त्या कार्यालयाचे पत्र जोडा. माझी सही लागत असल्यास मसुदा आधी पाठवा, वाचून सात दिवसांत कळवतो. मुद्रांक, नोटरी आणि प्रवासाचा खर्च आपल्याकडे राहील.’ खरी गरज असलेला माणूस त्याच संध्याकाळी ईमेल करतो.